खडीला जेवू घालणारे भाऊजी

सांडपाण्यावर जीव जडलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असणार, आणि नेमका तोच आमच्या ताईच्या वाट्याला आला. पार्ल्याच्या त्यांच्या घरी पाहुणा टेकतो न टेकतो तोच भाऊजी विचारतात, तुमच्याकडे आंघोळीला किती बादल्या लागतात? कपडे रोज धुता की दिवसाआड? माझ्या सासूबाईंनाही त्यांनी पहिल्याच भेटीत हे विचारलं. त्या पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. सहलीला गेलो की आम्ही समुद्र बघतो आणि हा माणूस हॉटेलच्या मागे जाऊन टाकीची झाकणं बघतो. मला मेलीला लाज वाटते, पण माणूस इतका गोड की राग धड टिकत नाही.

नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर रेघा ओढल्या. स्वतःचं ड्रॉइंग एकच. सेप्टिक टँकमधून निघालेलं पाणी खडीच्या थरावर थोडं थोडं शिंपडायचं, खाली झिरपलं की त्यातलं बरंचसं परत फिरवून पुन्हा शिंपडायचं. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की ते झाडांना घालण्याजोगं होतं. खडीला चिकटलेले सूक्ष्म जीव त्यातली घाण खातात म्हणे. हे सांगताना भाऊजींचा आवाज हळू होत जातो, नजर खिडकीबाहेर कुठेतरी लागते आणि समोरच्या चहावर साय धरते.

निवृत्तीनंतर दहिसरच्या एका सोसायटीने त्यांना हे करू दिलं. अठरा घरं, सगळी कोकणातली. ड्रेनेजची लाइन तिथवर पोचलेली नाही आणि टाकीच्या वासाने सगळे हैराण. भाऊजींनी खडी स्वतः बसून धुतली, तांदूळ धुवावेत तशी, पाणी नितळ होईपर्यंत. कमिटीने मात्र बजावलं होतं की गणपतीनंतरच्या मीटिंगला वास आला तर खड्डा बुजवून तिथे पार्किंग होणार. आयुष्यातलं एकुलतं एक ड्रॉइंग कागदावरून जमिनीवर उतरलं होतं, तेही असं टांगणीला लागलेलं.

माणशी किती पाणी, किती खडी, सगळं त्यांनी काढलं होतं. फक्त गणपतीत कोकणी माणूस मुंबईत सापडत नाही, हे या पार्लेकराच्या डोक्यातच आलं नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी अठराही घरांना कुलपं. मला फोन आला, "अगं, वाट लागली. इतके दिवस उपाशी राहिले तर मरतील ते." कोण, म्हणून विचारलं तर म्हणाले, "खडीवरचे गं." मंडळी परतली की एकदम अठरा घरांचं पाणी येणार, ते खायला कोणी उरलेलं नसणार आणि ऐन मीटिंगला वास सुटणार.

सेक्रेटरींनी गावाहून परवानगी दिली आणि वॉचमनकडची त्यांच्या घराची किल्ली भाऊजींना मिळाली. आमचा दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या खानदानाला दहिसरला जेवणाचं आमंत्रण! ताईने तिथेच रांधलं, मी घरचे कपडे नेऊन धुतले, आणि जेवून हात पुसणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी अदबीने म्हणायचे, "संकोच करू नका, जाऊन या." आमचे काका तर पहाटेची वेळ निग्रहाने राखून रिक्षाने थेट तिथे यायचे.

दुपारी सगळे पांगले की भाऊजी खडीजवळ स्टूल टाकून बसत. रिकामी इमारत, मधूनच सुरू होणारा पंप, खडीवर पडणारी बारीक भुरभुर आणि ओल्या दगडांचा वास. एकदा मीही शेजारी बसले. डोळे कधी मिटले कळलं नाही. किती तरी वेळ आम्ही दोघं तसेच पेंगत होतो, आणि भाऊजींवर चिडायचं होतं ते मी विसरूनच गेले.

मंडळी गावाहून परतली. मीटिंगच्या दिवशी मी आणि ताई मुद्दाम गेलो. तासभर लिफ्टवरून भांडण झालं आणि सगळे उठून गेले. खडीचं कोणी नावसुद्धा काढलं नाही. मी भडकले. भाऊजी शांतपणे म्हणाले, "अगं, वास आला असता तर तासभर तेच बोलले असते ना." आणि रुमाल काढून उगाच चष्मा पुसत बसले.

मला फार वाईट वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, फार सुंदर काम केलंत." ते लहान मुलासारखे हसले. पण ते त्यांना त्या अठरा घरांपैकी कोणीतरी म्हणायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.