नाल्याची निंदणी

विसरवाडीहून थोडं आत, आमच्या शेताला लागून एक नाला वाहतो. त्याच्या वळणावर डोह आहे. बाकीचा नाला होळीलाच कोरडा पडायचा, पण डोहात उन्हाळाभर पाणी असायचं. गावच्या म्हशी तिथे डुंबायच्या, खंड्या तिथे मासे टिपायचा, आणि माझी विहीर त्याच्याच जिवावर तग धरायची. तेव्हा डोह जपायचा, असं मी ठरवलं. इथपर्यंत माझं काहीच चुकलेलं नाही.

पुढे मात्र मी पडलो कापूसवाला. आमच्यात माणसाची अक्कल त्याच्या शेतातल्या तणावरून मोजतात. बांधावर गवत दिसलं तर आलेली सोयरीकसुद्धा विचारात पडते. डोह जपायचा म्हणजे आधी काठ निंदून काढायचा, हे मला इतकं उघड वाटलं की कुणाला विचारलंही नाही. निर्गुडी, वाळा, लव्हाळा, जे दिसेल ते मुळासकट उपटलं. काठ नवरदेवाच्या गालासारखा गुळगुळीत केला. वर कापसासारख्या सरळ ओळीत आंब्याची रोपं लावली आणि बायकोला मुद्दाम दाखवायला नेलं.

ती म्हणाली, "आते हाई माती कोन धरी?"

"आंबा धरी."

"आंबा मोठा व्हस तवलोंग नाला थांबी का?"

नाला थांबला नाही. पुरात काठ गेला, आंबे गेले आणि डोह गाळाने भरला. होळी यायच्या आधीच म्हशी येऊन सुक्या चिखलात उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. विहिरीतली मोटार नुसती हवा ओढू लागली.

मग मीही हट्टाला पेटलो. गाळ काढून शेतात पसरला. नाल्याच्या वरच्या अंगाकडून वाळ्याची ठोंबं आणली. काठावर निर्गुडीच्या काड्या खोचल्या, कारण शेळी तिला तोंड लावत नाही. बाकीच्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते त्यानंतर काहीही न करणं.

गवत माजलं. शेजारचा भाऊबंद बांधावरून ओरडायचा, "काय भाऊ, शेती सोडी दिधी का? आते काय वाघ पाळशी?"

"पाळसू! पयले तुन्हाच घर दखाडसू त्याले!"

तोंडाने असं बोलायचो, पण हात आपोआप खाली जायचा. एकदा त्याच्याशी भांडता भांडता मीच लावलेलं वाळ्याचं ठोंब माझ्याच मुठीत आलं. तेव्हा बायकोने विळा-खुरपं कोठीत टाकून कुलूप लावलं आणि माझ्या पुढ्यात भुईमुगाच्या शेंगांची टोपली ठेवली. "तुमना हातले चैन नई. नाल्यावर जावानं व्हई ते तठे शेंगा फोडत बसा."

यंदा होळी होऊन गेली. डोहात अजून म्हशीच्या पोटाला लागेल इतकं पाणी आहे. पूर्वीइतकं नाही, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पुरेल का, सांगता येत नाही. वळणावर एक जागा अजून ढासळते, तिथे पुन्हा काड्या खोचायच्या आहेत. वाहून गेल्या तर पुन्हा खोचीन. काल भाऊबंदाची म्हैस डोहात बसली होती आणि तो काठावर उभा होता.

मी आता निघालोय तिकडेच. सदऱ्याच्या दोन्ही खिशांत शेंगा भरून घेतल्या आहेत.