चोराचा दिवस

वकीलसाहेबांना धंद्यातले लोक पाठीमागे 'कुलूप' म्हणत, आणि साहेबांना ते मनातून आवडायचं. बंदरं, खाणी, वीजघरं, कितीतरी देशांत त्यांच्या हातचे करार होते. सरकारं बदलली, मंत्री आले तसे गेले, पण कुलपाने बंद केलेला करार कोणाच्या बापाला उघडता आला नाही.

त्याला कारण त्यांची एक खोड. करार लिहून झाला, की सह्यांच्या आधी ते एक दिवस राखून ठेवत. त्याला ते चोराचा दिवस म्हणत. दार लावून घ्यायचं, आपण समोरच्या पक्षाचे आहोत असं समजायचं आणि आपलाच करार फोडायला बसायचं. फट सापडेल तिथे नवं कलम ठोकायचं. हाताखालच्या वकिलांनाही त्यांनी हे कान पिळून शिकवलं होतं.

पन्नाशी उलटल्यावर सरकारने त्यांना विकास धोरणाचे सल्लागार म्हणून बोलावलं. साहेबांनाही वाटलं, जन्मभर कंपन्यांची भांडणं भांडलो, आता चार कामं लोकांची करावीत. खुर्ची आली, गाडी आली आणि टेबलावर पहिलंच प्रकरण आलं ते त्यांच्याच गावच्या पाणीपुरवठ्याचं. परदेशी कंपनीबरोबरचा तीस वर्षांचा करार, आणि तो कंपनीच्या बाजूने लिहिला होता साहेबांनीच. नळ दिवसाआड यायचा, तोही गढूळ, तरी कंपनीकडे बोट दाखवायची सोय नव्हती. मंत्रीबाईंनी त्यांना करारातून सुटायची वाट विचारली. आपल्या अशिलाविरुद्ध जायचं नाही, हा या धंद्याचा पहिला धर्म. साहेबांनी हात जोडले आणि फाइल परत पाठवली.

मग ताईचा फोन आला. ताई त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, मोठं केलं. ती अजून जुन्या घरातच एकटी राहत होती. कंपनीची माणसं येऊन तिच्या परसातल्या विहिरीवर लोखंडी झाकण बसवून, सील ठोकून गेली होती. गल्लीतल्या सगळ्याच विहिरींची ही गत. ताई रडली नाही. एवढंच म्हणाली, "तू आहेस ना तिथे? उघडून दे."

साहेबांनी धर्म गुंडाळून ठेवला. फाइल परत मागवली, दार लावलं आणि चोर होऊन बसले. आज बसले, उद्या बसले, बसतच राहिले. हात घालावा तिथे त्यांचंच कलम आडवं. कायदा बदलावा, तर न पेलणारी भरपाई. लोकांचं आरोग्य पुढे करावं, तर त्याची व्याख्याच आवळून ठेवलेली. कोर्टात जावं, तर परदेशी लवादाखेरीज दुसरं दार नाही. एका कलमाशी मात्र ते थांबत नसत, घाईने पान उलटत. पूर्वी फट सापडली की ते चिडायचे, आता एक फट सापडावी म्हणून जीव तळमळत होता. किती हुशार होतो आपण, असं मध्येच मनात येई आणि त्या हुशारीची शिसारी येई.

शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी कंपनीच्या वकीलबाईंना फोन केला. बाई त्यांचीच शिष्या. निदान घरगुती विहिरी तरी सोडा, म्हणून साहेबांनी चक्क विनवण्या केल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, मीसुद्धा चोराचा दिवस पाळला," त्या म्हणाल्या. "तुम्ही फट ठेवलीच नाहीये. आणि हा फोन आला होता हे मी कंपनीला सांगणार नाही."

ती दया साहेबांना थपडेपेक्षा जास्त लागली.

ते ताईकडे गेले. ताईने बादलीच्या तळचं पाणी फडक्यातून गाळून त्यांना पेलाभर दिलं. काही होणार नाही, हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं. ताई रागावली नाही. तिच्या डोक्यात वेगळंच काही घोळत होतं.

"मला एक कळत नाही," ती म्हणाली. "ती माणसं सातासमुद्रापलीकडची. आपल्या गल्लीत घरोघरी विहिरी आहेत, हे त्यांना सांगितलं कुणी?"

कंपनीच्या मसुद्यात नदी होती आणि नळ होते. विहिरी तिथे कुणाच्या गावीही नव्हत्या. पण त्या वेळच्या चोराच्या दिवशी साहेबांना हे परस आठवलं होतं, ओला दोर आठवला होता, उन्हाळ्यात ताई डोक्यावर ओतायची ती गार बादली आठवली होती. नळ परवडेनासा झाला की लोक विहिरीकडे वळणार. केवढी मोठी फट! जमिनीखालचं पाणीही कंपनीचं, असं कलम त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं आणि कंपनीच्या साहेबाने त्यांची पाठ थोपटली.

"मी सांगितलं, ताई."

ताई मग उठली, कोपऱ्यातली रिकामी बादली उचलली. टँकर यायची वेळ झाली होती. साहेब धडपडत उठले आणि त्यांनी दुसऱ्या बादलीला हात घातला.

"राहू दे," ताई म्हणाली. "पाहुण्यांना कामं सांगत नाही मी."