गुरुवारचा बोध आणि शोभाताईची बाग

किस्से काही ठरवून जमत नाहीत बापा! कढीपत्त्याच्या बुडाशी रोपटी कशी आपोआप उगवतात, तसे रायपुरातल्या आमच्या शंकर नगरच्या गुरुवारच्या बैठकीत किस्से उगवले. आम्ही चौघी, साऱ्या मूळच्या विदर्भातल्या. नियम एकच: हप्ताभरात घरात नाहीतर बागेत जो बोध सापडला, तो चहाच्या आधी सांगायचा. बोध नाही, तं चहा नाही!

यंदा मात्र एक घोर होता. शोभाताईच्या यजमानांचं ऑफिस नव्या रायपुरात गेलं, सरकारी क्वार्टर सोडायचं होतं. क्वार्टर गेलं म्हणजे तिनं बावीस वर्षं वाढवलेली बागही गेली! ते मी सांगतेच. आधी बाकीच्यांची फजिती ऐका.

विमलताईच्या घरी बैठक. डोळे मिटून सांगून राहिली होती, "राग म्हणजे दूध. नजर ठेवली की उतू जात नाही." आम्ही माना डोलावल्या. तेवढ्यात आतून सासूबाई ओरडल्या, "विमल, रागाचं मागून पाहू, आधी गॅस बंद कर!" सारा ओटा पांढरा! त्या दिवशी आम्ही कोरा चहा प्यालो.

मेश्रामबाईंचा आवडता शब्द 'अनित्य'. माझ्या हातून त्यांची कपबशी फुटली, तं हसून म्हणाल्या, "जाऊ द्या, सारंच अनित्य आहे." केवढं मोठं मन! पुढच्याच गुरुवारी त्यांचा नवा मिक्सर बंद पडला. मी लगेच म्हटलं, "अनित्य!"

"अनित्य काहून? वॉरंटीत आहे तो!" म्हणाल्या, अन् बैठक सोडून तडक दुकानात गेल्या.

अन् मी काय कमी? 'मनातलं तण रोज उपटावं' हा बोध मले सुचला, अन् त्याच जोशात सकाळी अख्खा वाफा साफ केला. माझी पोट्टी धावत आली, "मम्मी, वो तो काकी का धनिया था!" काकी म्हणजे माझी जाऊ. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. आमचे हे म्हणतात, "कोथिंबीर गेली तं गेली, मन तं साफ झालं!"

आता शोभाताई. मोगरा, जास्वंद, पेरू, सीताफळ, सारी जमिनीत रुजलेली झाडं. तिकडच्या नव्या घरी, चौथ्या मजल्याच्या फ्लॅटवर नेता कशी येतील? महिनाभर तिचा बोध एकच, "मोह सोडा!" अन् सांगताना दरवेळी डोळ्याले पदर. बाई निघायच्या दिवशी मोडून पडते की काय, हीच आम्हाले धास्ती!

मे महिना, भर दुपार. ट्रक भरला. शोभाताईनं फाटकाची कडी लावली, मागे न पाहता ड्रायव्हरशेजारी यजमानांसोबत बसली. आम्ही तिघी हात हलवून राहिलो होतो. ट्रक निघाला, अन् कोपऱ्यावर जाऊन थांबला! शोभाताई उतरली अन् पळतच परत आली.

तिनं फाटक ढकललं, नळाले पाइप लावला अन् मोगऱ्याले पाणी घालायले लागली!

मागून यजमान धापा टाकत आले. "अवं, आता आपलं काय राहिलं इथं? नवे लोक घालतील पाणी!"

"ते सोमवारी येतील," पाइप न सोडता ती म्हणाली. "तहान आज लागली आहे!"

ड्रायव्हरनं ट्रक मागे आणला, इंजिन बंद केलं, खाली उतरला अन् विचारलं, "दीदी, कोई बाल्टी है क्या? उधर के पेड़ों में मैं डाल देता हूँ."