अकरा मोजेपर्यंत

सबनीसकाका सतत मोजत असत. ग्रोसरीच्या रांगेत, एलआरटीच्या फलाटावर, डॉक्टरांच्या खोलीबाहेर. ओठ किंचित हलायचे, बोट मांडीवर पडायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, जप चाललाय. तसं विचारलंही. ते खो खो हसले.

"जप कसला! अगं, अठ्ठावीस वर्षं ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवला. आमच्या वाट्याला सूर थोडे आणि वाट बघणं फार. चाळीस मात्रा गप्प बसायचं आणि एकेचाळिसाव्या मात्रेला नेमकं यायचं. खोड जाते का आता?"

एडमंटनच्या आमच्या मराठी मंडळात सगळे त्यांना 'व्हायोलिनवाले काका' म्हणत. ते न कंटाळता दुरुस्त करत, "व्हायोलिन नव्हे, व्हायोला. थोरली बहीण. धाकटीचं लग्न आधी झालं, म्हणून हिला कोणी ओळखत नाही." गिरगावात एका गोवेकर मास्तरांकडे ते शिकले, सिनेमाच्या गाण्यांमागे मागच्या रांगेत वाजवत राहिले आणि साठच्या दशकाच्या शेवटी इथे आले. ते स्वतः संगीतरचनाही करत, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. त्या वह्या बेसमेंटमधल्या कपाटात पडून होत्या. "मधल्या आवाजाकडे कोणाचं लक्ष नसतं," ते म्हणायचे. "पण तो काढून घे, मग बघ गाणं कसं उघडं पडतं."

मी तेव्हा मंडळाची सांस्कृतिक चिटणीस होते. नागपूरहून येऊन चारच वर्षं झालेली, पण माझे कार्यक्रम घड्याळाप्रमाणे चालतात याचा मला कोण ताठा! दिवाळीच्या कार्यक्रमात काकांना वाजवायला सांगितलं, तेही नाट्यगीतं म्हणणाऱ्या बाई ऐन वेळी गळाल्या म्हणून. काकांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी कपाटातली एक रचना काढली आणि ती समजावून सांगायला मला घरी बोलावलं.

"आई गेल्याचं पत्र मला अकरा दिवसांनी मिळालं," चहा पुढे करत ते म्हणाले. "ते अकरा दिवस मी इथे मजेत होतो. स्केटिंग शिकत होतो. पूर्वार्धात आई आहे. मग मी थांबतो, सावकाश अकरा मोजतो. उत्तरार्ध पत्र उघडल्यानंतरचा. खरं जे काही आहे ते तिथेच आहे. पण मी थांबलो की आपली मंडळी टाळ्या वाजवणार. तू हात वर करून त्यांना थांबव. एवढं एकच काम." विसरू नये म्हणून त्यांनी सुवाच्य अक्षरात एक कागदही लिहून दिला : 'येथे अकरा मोजेपर्यंत शांतता. संपलेले नाही.'

कार्यक्रमाच्या दिवशी मुलांच्या नाचाची सीडी अडकली आणि नाच दोनदा करावा लागला. दोन वाजता हॉल रिकामा करायचा होता. जेवणाचं कंत्राट घेतलेले सरदारजी दर पाच मिनिटांनी येऊन म्हणत, "बहनजी, खाना ठंडा हो रहा है. दो बजे हमें भी निकलना है." अशात काकांनी सुरुवात केली. खोटं कशाला सांगू, मी ऐकतच नव्हते. मी घड्याळ बघत होते.

गज थांबला. काका डोळे मिटून उभे, ओठ हलताहेत. टाळ्या सुरू झाल्या. मागून कुणाचं तरी पोर ओरडलं, "इज इट ओव्हर? कॅन वी ईट नाऊ?" कागद माझ्या डाव्या हातात होता. मी तो वाचलेला होता. मी हात वर केला खरा, पण दुसरा, माइक धरलेला. "धन्यवाद, काका! मंडळी, जेवण तयार आहे. ज्येष्ठांनी आधी यावं."

खुर्च्या सरकल्या. काकांनी डोळे उघडले. गज तसाच हवेत होता. मग त्यांनी तो खाली घेतला आणि उठून चाललेल्या पाठींना वाकून नमस्कार केला.

जेवताना एक वहिनी त्यांना म्हणाल्या, "काका, शेवट जरा अचानकच झाला, नाही?" मी शेजारीच उभी होते. काका म्हणाले, "माझंच चुकलं. आधी कोणाला तरी सांगून ठेवायला हवं होतं."

गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "हो ना काका! मला सांगितलं असतं तर?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "श्रीखंड घे गं," म्हणाले, "छान झालंय." आजही ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात.

पुढे मी त्यांना टाळू लागले. दुकानात दिसले की कार्ट दुसऱ्या रांगेत वळवायची. त्यांचा दिवाळीचा फोन मात्र कधी चुकला नाही. पाच वर्षांनी, ते वृद्धाश्रमात गेल्याचं कळल्यावर, मनाचा हिय्या करून भेटायला गेले.

"काका, तो कागद तेव्हा माझ्या हातातच होता."

"माहीत आहे. मला दिसत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत तुझं तोंड एवढंसं झालं असतं. तशीही तू सकाळपासून उभीच होतीस."

मला रडू आवरेना. "आता वाजवून दाखवता, उरलेलं?" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. संधिवाताने बोटं वेडीवाकडी झाली होती.

त्याच हिवाळ्यात काका गेले. त्यांची मुलगी दूर पूर्वेकडच्या लव्हाल शहरातून आली होती. सगळं आटोपल्यावर ती त्या रचनेची वही घेऊन माझ्याजवळ आली. तिला नोटेशन वाचता येत नव्हतं.

"बाबांनी स्वतःचं म्यूझिक लाइफमध्ये एकदाच वाजवलं," ती म्हणाली. "फॉर द मंडळ. यू वेअर देअर, राइट? मला सांग ना, हाउ डज इट एंड?"

मी तिला सांगितलं, "मला माहीत नाही. शेवट मी होऊच दिला नाही."