पातेल्यातली जिंजर बिअर

पुण्याहून आलेल्या मिक्सॉलॉजिस्टनं मला फसवलं, आणि तात्यांनी सगळं कळल्यावरही त्याला सांभाळून घेतलं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाला दुसरी बाजूही ऐकावी असं वाटायला नको. दुसरी बाजू त्या दिवशी भरपूर ऐकली गेली.

मिक्सॉलॉजिस्ट म्हणजे दारूत काहीबाही मिसळून ग्लास सजवून देणारा. आमच्या आळेफाट्यावर हे काम वेटर करतो, आणि वर टेबलही पुसतो.

तात्यांचा फोन आला तेव्हा मी ओतूरला माझ्या सोडा फॅक्टरीत फिलिंग मशिनपाशी उभा होतो. तात्या म्हणजे आंबेगाव तालुक्यातले जुने बागायतदार. डिंभे धरणाच्या पाण्याकडे तोंड करून त्यांनी रिसॉर्ट काढलंय. सीझनआधी त्यांनी आळेफाट्याच्या हॉटेलमालकांना घरी जेवायला बोलावलं होतं, नवीन कॉकटेल दाखवायला. त्यात माझी जिंजर बिअर होती. फोनवर रामराम न घालता ते म्हणाले, "शेठ, तुमचा सोडा फुसका निघाला. पावण्यांसमोर लाज गेली माझी. या हितं."

सोडावाल्याला फुसका म्हणणं म्हणजे सोनाराला तोंडावर त्याचं सोनं खोटं म्हणणं. मी एक क्रेट बर्फात गाडून गाडीत टाकला आणि जुन्नर, घोडेगाव करत निघालो. वाटेत कुणाशी बोललो नाही. ड्रायव्हरनं रेडिओ लावला तो बंद करायला लावला.

आधी जिंजर बिअर काय ते सांगतो. त्यात बिअर नसते. आल्याचा रस, साखर, लिंबू आणि थंड पाण्यात दाबून भरलेला गॅस. नाव इंग्रजांनी ठेवलं, निस्तरतोय मी. कारण मी जैन. आजोबा मारवाडातून आले, मी ओतूरच्या शाळेत शिकलो आणि एसटी स्टँडवर गोटी सोड्याची गाडी ढकलत मोठा झालो. आमच्यात कंदमूळ खात नाहीत. सुंठ चालते, ओलं आलं चालत नाही. दारूचा तर प्रश्नच नाही. मी हा माल काढला तेव्हा आमचे एक काका जैन स्थानकाच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "आलं, आणि त्यावर बिअर! एका बाटलीत दोन पापं भरलीस." मी ऐकून घेतलं. धंदा माझा, नाव माझं, मग बोलणीही माझीच.

मी माझा माल चाखत नाही. चव मालनबाई बघतात. त्या माझ्याकडे पहिल्यापासून आहेत. घोट घेऊन त्यांना ठसका लागला की आलं बरोबर. नुसता घसा खाकरला तर कमी. डोळ्यांतून पाणी आलं की जास्त, त्या बॅचमध्ये पाणी वाढवायचं. गॅस मात्र मी स्वतः बघतो. मीटर आहेच, पण ग्लास कानाला लावला की मला कळतं. चांगला भरलेला सोडा बारीक, दाट आवाज करतो, तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखा. मेलेला सोडा गप्प असतो.

तात्यांशी सौदा ठरला तेव्हा मी भावात खाली आलो. मी भावात खाली येत नाही, हे ओतूर ते नारायणगाव सगळ्यांना माहीत आहे. पण बदल्यात एक अट घातली. बाटली माझ्या नावाच्या स्टिकरसकट गिऱ्हाइकाच्या टेबलावर गेली पाहिजे. हॉटेलवाले माल बघतील, नाव वाचतील, उद्या माझ्याकडे येतील. तात्यांनी माझ्या हातावर हात मारून कबूल केलं होतं.

बंगल्याच्या मागच्या अंगणात गाडी लावली तर नळाखाली बादली होती. बादलीत माझी स्टिकरं तरंगत होती. कोमट पाण्यात भिजवून, सोलून काढलेली. शेजारी नागड्या बाटल्या.

मी तसाच स्वयंपाकघरात शिरलो. ओट्यापाशी तो पुण्याचा मिक्सॉलॉजिस्ट उभा होता. निहार त्याचं नाव. कमरेला कातडी ॲप्रन, मनगटात मण्यांच्या माळा. तात्या खुर्चीत बसले होते. हॉटेलमालक बाहेर मांडवात.

"स्टिकर कुणी काढले?" मी विचारलं.

"सर, मीच," निहार म्हणाला. "लेबल फार बिझी होतं. टेबलवर क्लीन लुक पाहिजे ना. मेन्यूत आपण हाऊस-मेड लिहितोय."

"हाऊस कुणाचं?"

त्यानं तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, "ते नंतर बोलू, शेठ. आधी हे बघा." आणि त्यांनी ओट्यावरच्या पातेल्याकडे बोट केलं.

पातेलं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मठ्ठा करतात तेवढं. त्यात टकीला, लिंबाचा रस, चिरलेल्या लवंगी मिरच्या आणि माझी जिंजर बिअर, सगळं एकत्र. वर बर्फ वितळलेला. कडेला डाव. टकीला ही मेक्सिकोची दारू. आपल्या बांधावर घायपात असतं, त्याच्याच जातीच्या झाडापासून काढतात. ती महाग, लांबची, म्हणून तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार ओतूरच्या मालाची.

"हे कधी केलं?"

"सकाळीच," तात्या म्हणाले. "मी म्हनलं, पावणं आल्यावर एकेक ग्लास कुटं करत बसायचं? पन्हं करतो, मठ्ठा करतो, तसं करून ठेवा. डावानं वाढायचं."

तात्यांचा यात दोष मी धरत नाही. आमच्याकडे पाहुणा बसला आणि ग्लास भरायचा राहिला, तर तो घरमालकाचा अपमान. म्हणून सगळं आधी करून झाकून ठेवायचं, ही पद्धत. मठ्ठ्याला ती चालते. गॅसला चालत नाही. बाटलीचं बूच उघडलं की गॅस निघायला लागतो, रुंद भांड्यात आणखी लवकर, आणि डावानं ढवळलं की उरलासुरला पळतो. तात्यांना हे माहीत असायचं कारण नाही. निहारला होतं. त्याला बोलावलं होतं ते यासाठीच. पण बागायतदाराला नाही म्हणायची हिंमत लागते, ती मण्यांच्या माळेत मिळत नाही. यजमानाला खूश ठेवायला त्यानं माझा माल पातेल्यात मारला, आणि पाहुण्यांनी तोंड वाकडं केल्यावर सांगितलं की सोडा लोकल आहे, क्वालिटी इश्यू आहे. स्टिकर काढलं तेव्हा घरचा माल. फुसका निघाला तेव्हा शेठचा.

मी पातेल्यातून ग्लास भरला आणि कानाला लावला. गप्प.

मग माझ्या क्रेटमधली बाटली काढून तात्यांच्या पुढ्यात ठेवली. निहारला म्हणालो, "आता एकच ग्लास करा. घरी कुणीही करील तसा."

त्यानं केला. त्याला येत होतं, हाच माझा राग. मिरचीच्या दोन चकत्या लिंबाच्या रसात चमच्यानं दाबल्या. टकीला ओतली, बर्फानं ग्लास भरला. शेवटी माझी बाटली फोडली, ग्लास तिरका धरून सावकाश ओतली आणि चमचा एकदाच खालून वर घेतला. बस. एवढंच शास्त्र आहे. गॅसचं सगळ्यात शेवटी, आणि ढवळाढवळ नाही. ग्लास ओट्यावरूनसुद्धा ऐकू येत होता.

तात्यांनी घोट घेतला. त्यांना मालनबाईंसारखा ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, "लई भारी राव. सकाळी असं नव्हतं."

"सकाळी सोडा हाच होता. पातेलं होतं," मी म्हणालो. "आता बाहेर चला, आणि हेच पावण्यांना सांगा."

तात्या जागचे हलले नाहीत. खाली बघत म्हणाले, "शेठ, आता कशाला उकरता? पातेलं माझ्या सांगण्यावरून व्हतं. चारचौघांत माझंच हसं होईल. पुढच्या वेळी बघू."

"सर, प्लीज टेक इट ईझी," निहार म्हणाला. त्याला मी काय म्हणालो ते इथं छापण्यासारखं नाही.

मग मीच क्रेट उचलून मांडवात गेलो. हॉटेलमालक ओळखीचे. त्यांतल्या एकाच्या हॉटेलापुढेच माझी गोटी सोड्याची गाडी लागायची. मी त्यांना सांगितलं की माल चांगला आहे, पातेल्यात गॅस गेला, हे बघा, ताजी बाटली फोडतो. बूच निघालं, आवाज झाला, काहींनी माना डोलावल्या. मला वाटलं, जमलं.

तेव्हा तो ओळखीचा हॉटेलवाला हसत म्हणाला, "शेठ, विकणारा आपल्या मालाला वाईट कधी म्हनतो व्हय? एवढं छातीठोक सांगताय, तर तुमीच घ्या की एक घोट. आमच्यासमोर."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाटली माझ्या हातात होती. उघडी, थंड, हाताला गॅस जाणवत होता. त्यात दारूचा थेंब नव्हता. फक्त आलं होतं.

मी प्यायलो नाही. सांगितलं की आमच्यात ओलं आलं चालत नाही.

"बघा," दुसरा म्हणाला, "सोता पीत न्हाई, आन् आमाला पाजतो." मांडव हसला. वाईट मनानं नाही, जेवण झालेले लोक हसतात तसा. पण हसला, आणि बाटलीला कुणी हात लावला नाही.

मी वळून बघितलं. तात्या स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात तोच ग्लास, निम्मा प्यालेला. त्या अंगणात माझा माल चांगला असताना चाखलेला माणूस तो एकटाच. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. ते बोलले नाहीत. ग्लास मात्र रिकामा केला.

त्यानंतर आळेफाट्यावर मला एकाही हॉटेलनं दारात उभं केलं नाही. तात्यांनी माल थांबवला नाही, हे विशेष. क्रेट दर आठवड्याला जातात, स्टिकर उतरवून टेबलावर येतात, आणि मेन्यूत छापलंय हाऊस-मेड. निहारनं त्याच ओट्यावर व्हिडिओ काढलाय, घरच्या घरी तिखट कॉकटेल कसं करावं म्हणून. त्यात तो बजावून सांगतो की जिंजर बिअर नेहमी शेवटी घालायची.

यातून धडा एवढाच: जो माल आपल्याला चाखता येत नाही, त्याची साक्ष दुसऱ्याच्या जिभेवर ठेवावी लागते, आणि जीभ माणसाची असते. मी मालनबाईंना बरोबर न्यायला हवं होतं.

पण हिशेब इथं मिटत नाही. तात्या, तुम्हाला ठसका लागला होता. ओट्यापाशी तुम्ही जे बोललात, ते आळेफाट्याच्या चौकात, त्याच हॉटेलमालकांसमोर, माझी स्टिकरवाली बाटली हातात धरून बोला. दिवस तुम्ही सांगा. बर्फ मी आणतो.