रांगोळीतली स्टेपनी

अवसरी बुद्रुकमध्ये कुंडलिकतात्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांच्याकडून एकदा तरी विम्याचं महत्त्व ऐकून घेतलं नाही असाही नव्हता. एसटीच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं इंजिनं खोलण्यात आणि बसवण्यात घालवून तात्या शहाण्णव साली निवृत्त झाले. मंचरच्या एका डॉक्टरची जुनी पांढरी फियाट त्यांनी घेतली आणि तिचा विमा उतरवला. तो कागद हातात घेताना त्यांना इतकं बरं वाटलं की पाठोपाठ घराचा उतरवला. मग म्हशीचा. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला मारला त्या दिवशी त्यांच्या पत्नी, सारजाबाई, पदर खोचत म्हणाल्या, "आता माज्या बी कानात एक मारून घ्या, म्हंजी सुटले."

घराच्या भिंतीला चिकटून पत्र्याची एक शेड होती. तिला तात्या गॅरेज म्हणत आणि बाकी गाव शेड म्हणे. दाराला जे कुलूप होतं ते कुठल्याही किल्लीनं उघडायचं, किल्ली न सापडल्यास खिळ्यानं. दर वर्षी हप्ता भरायची वेळ आली की सारजाबाई सुरू करत, "त्या हप्त्याबरुबर शंभर-दीडशे आनखी काढा आन शेडला चांगलं कुलूप आना."

"कुलूप तोडता येतं, सारजे. कागद कोन तोडनार?"

हा वाद सहा वर्षं चालला. चोरीच होत नसल्यामुळे त्याचा निकाल लागत नव्हता. तात्यांना पैशाचा लोभ नव्हता, खोटं कशाला सांगा. संसारात एकदा, फक्त एकदा, सारजाबाईंनी "तुमचंच बरोबर व्हतं" म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. चाळीस वर्षांत तो योग आला नव्हता.

दोन हजार दोनच्या दसऱ्याला तो येईल असं वाटलं.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकरी विळे-कोयते मांडतो. तात्या मेकॅनिक, त्यांनी फियाट मांडली असती, पण ती पाटावर मावेना. म्हणून दर वर्षी तिचं जे जे निघेल ते काढून ठेवायचे. स्टेपनी काढली, धुतली, शेडच्या सारवलेल्या जमिनीवर आडवी ठेवली. सारजाबाईंनी तिच्याभोवती गोल रांगोळी घातली. बॅटरी काढली. गाडीतला टेप काढला. जॅक, पान्यांचा संच, हे सगळं दोन पाटांवर ओळीनं लावलं. तांब्याभर पाणी, समई, हळदकुंकू, झेंडूची फुलं. वर्षभर राबलेल्या लोखंडाला त्या रात्री विसावा द्यायचा, सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. चोरानं मात्र तो पाळला नाही.

सकाळी शेडचा कोयंडा पिरगळलेला होता. बॅटरी, टेप, जॅक, पाने, झाडून सगळं गेलं होतं. पाट, तांब्या आणि समईसुद्धा गेली होती. फियाट जागेवर उभी होती, कारण बॅटरीवाचून ती कुठं जाणार? आणि जमिनीवर अखंड, कुठंही न फिसकटलेलं रांगोळीचं गोल वर्तुळ होतं, आत स्टेपनी नव्हती. चोर कुणीही असो, रांगोळीवर पाय न देण्याइतके संस्कार त्याच्यावर झालेले होते.

सारजाबाईंनी कपाळावर हात मारला. तात्यांचा चेहरा मात्र मुलगा झाल्यासारखा उजळला.

"रडती कशाला? इमा हाय की!"

हवालदार आले. त्यांनी 'शेडमधून स्टेपनी वगैरे सामान चोरीस' एवढं लिहून पेनाच्या टोपणाला हात घातला, तर तात्या आडवे आले. "वगैरे न्हाई चालनार, सायेब. कागद पक्का पायजे." मग तात्यांनी दीड तास पंचनामा सांगितला. कोणती वस्तू कोणत्या पाटावर होती, टेपवर झेंडूची किती फुलं होती, बॅटरीला कुंकू कोणत्या टोकाला लावलं होतं, सगळं आलं. हवालदारांना तीन वेळा चहा द्यावा लागला.

मंचरला मोटारीच्या विम्याच्या ऑफिसात पेठचे प्रबुद्ध साहेब होते. तरुण, सभ्य माणूस. त्यांनी पंचनामा वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढला.

"तात्या, सुटं सामान गाडीवर असताना गेलं तर आम्ही देतो. पॉलिसीत तसंच लिहिलंय. हे तर पूजेत होतं."

"पन सामान गाडीचंच हाय ना!"

"गाडीचं आहे, गाडीवर नव्हतं. तुम्ही बॅटरी काढली नसती आणि गाडीच गेली असती तर गाडीचे पैसे मिळाले असते."

गाडी वाचल्याचं दुःख तात्यांना आयुष्यात पहिल्यांदा झालं. "म्हंजी मी तुमच्या कंपनीचं नुकसान वाचवलं, त्याचं हे बक्षीस?"

प्रबुद्ध साहेब हळू आवाजात म्हणाले, "एवढं खरं लिहायला तुम्हाला सांगितलं कुणी? नुसतं वगैरे राहिलं असतं तर काहीतरी बघता आलं असतं." तात्या उठले. वर्कशॉपमध्ये न केलेल्या कामावर त्यांनी कधी सही केली नव्हती, हे खरंच होतं. पण त्या 'वगैरे'ची त्यांना मंचरच्या स्टँडवर एसटीत बसेपर्यंत हळहळ वाटत राहिली.

घराचा विमा जुन्नरच्या ऑफिसात होता. तिथल्या मॅडमनी प्रेमानं बसवलं. शेड घराच्या भिंतीला चिकटलेली आहे ना? आहे. कोयंडा मोडला का? मोडला. "मग काहीच अडचण नाही," मॅडम म्हणाल्या, आणि तात्यांना जुन्नरचा शिवनेरी एकदम जवळ दिसायला लागला. मॅडमनी यादी वाचायला घेतली. "स्टेपनी... नाही. बॅटरी... नाही. टेप... गाडीतला ना? नाही. मोटारीचे भाग घराच्या विम्यात बसत नाहीत, काका."

"त्ये मंचरवालं म्हंत्यात गाडीवर न्हवतं, तुमी म्हंता गाडीचं हाय. मग त्या रात्री त्ये सामान व्हतं तरी कुनाचं?"

मॅडमनी प्रामाणिकपणे विचार केला. "देवाचं असेल," त्या म्हणाल्या. "त्याचा विमा आमच्याकडे नाही." मग यादीच्या शेवटी त्यांचं बोट थांबलं. "हे मात्र घरातलं सामान आहे."

महिन्याभरानं चेक आला. दोन पाट, तांब्या आणि समई यांचे, वापराची झीज वजा करून, एकशे बासष्ट रुपये. तात्यांनी तो मारुतीच्या पारावर पाच-सहा जणांना दाखवला, रकमेवर अंगठा ठेवून. कंपनीनं पैसे दिले हे तर खरंच होतं. घरी येऊन त्यांनी चेक सारजाबाईंसमोर धरला आणि अपेक्षेनं उभे राहिले. सारजाबाईंनी अंगठा बाजूला केला, आकडा वाचला, आणि शांतपणे म्हणाल्या, "कुलपापुरतं आलं."

आणि खरोखरच त्या पैशांचं मंचरच्या बाजारातून कुलूप आलं. हातात धरलं तर मनगट वाकावं असं, पितळी, भक्कम. किल्ली सारजाबाईंच्या कमरेला. स्टेपनी आणि बाकी सगळं तात्यांनी पदरचे पैसे घालून घेतलं आणि वर्षभर विम्याचा शब्द काढला नाही. गावाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. आतून त्यांना फार लागलं होतं. कुलूप दिसलं की ते नजर वळवत.

पुढची खंडेनवमी आली. तात्यांनी या वेळी स्टेपनी डिकीतच ठेवली आणि डिकी उघडून तिथल्या तिथं हळदकुंकू वाहिलं. बॅटरी बॉनेटखाली, टेप टेपच्या जागी, सगळ्याची पूजा अगदी गाडीवर असताना. प्रबुद्ध साहेबांना पत्र लिहून कळवावा असा चोख बंदोबस्त. समाधानानं हात पुसत ते शेडच्या दाराकडे वळले आणि थबकले.

उंबऱ्याच्या आत नव्या पाटावर, गोल रांगोळीत, ते पितळी कुलूप ठेवलेलं होतं. वर झेंडूचं फूल. दाराचा कोयंडा मोकळा लोंबत होता.

"अगं, ह्ये काय?"

"हत्यारच की त्ये बी. वरीसभर राबलं. आज त्येला इसावा." सारजाबाईंनी कुलपाला मनापासून नमस्कार केला. "सकाळपत्तूर हात लावायचा न्हाई, तुमचाच नेम हाय."

"आन चोर आला म्हंजी?"

सारजाबाई उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तुमचंच बरोबर व्हतं. कागद हाय नव्हं? मग कुलपाची काय गरज?"

चाळीस वर्षं वाट पाहिलेलं वाक्य तात्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं. मग ते घरात गेले, आपली बाज उचलून आणली आणि शेडच्या दारात आडवी टाकली.