इंजिन थंड होईपर्यंत हुरडा

जी गाडी तपासायची होती, तीच मला न्यायला दारात उभी होती. पुढे झेंडूचा हार, आत मखमली कव्हरं आणि इंजिन चालू.

"बंद कर की," मी म्हणालो.

"राहू द्या साहेब. दादासाहेब म्हणलेत, साहेबाला ताटकळू देऊ नको," ड्रायव्हर लक्ष्मण म्हणाला.

मी तेव्हा परभणीत मोटार सर्व्हेअर होतो. अपघात झालेली गाडी बघायची आणि नुकसान किती ते विमा कंपनीला कळवायचं, हे माझं काम. मोडलेल्या गाड्या रोज बघितल्या की धडधाकट दिसणाऱ्या गाडीत उद्या काय मोडणार, हेही थोडंफार कळू लागतं. त्यामुळे सेकंडहँड गाडी घेणारे मला सोबत न्यायचे.

झरीच्या स्टँडवर कमलबाई आणि मुंजाजी गाडीत चढले. कमलबाई जवळच्या वाडीतल्या शाळेत शिक्षिका. ती शाळा सातवीपर्यंतच. पुढच्या मुली एस.टी.नं झरीला यायच्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून कुणी बंद पुकारला की आधी एस.टी. थांबायची, त्याची सवय झाली होती. पण दिवाळीनंतर संध्याकाळच्या गाडीची वेळच बदलली. मुली घरी पोचेपर्यंत अंधार पडू लागला आणि एकेक बाप पोरीला घरी ठेवू लागला. बाईंनी घरोघर फिरून तोडगा काढला : सगळ्यांनी मिळून एक जुनी व्हॅन घ्यायची. ती मुंजाजी चालवणार होता. त्याच्याकडे लायसन होतं, आणि नववीतली मुलगी घरी बसलेली होती.

"संक्रांतीपर्यंत गाडी आली तर पोरी जातील," तो म्हणाला. "न्हाई तर आमच्या पोरीला बघायला सोयरे यायलेत. माझी माय लय घाई करायलीय."

त्याच्या पिशवीतून नारळ डोकावत होता.

"नारळ आत्ताच आणला?"

"दादासाहेबांची गाडी हाय. तिच्यात काय बघायचंय?"

बोरी मागे पडलं, जिंतूर मागे पडलं. गाडीचा आवाज शिवणयंत्रासारखा. या व्हॅनचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, झाकणाखाली असतं. मी झाकणावर हात ठेवला. चटका बसला. गरम इंजिन सगळ्यांशीच गोड बोलतं. त्याचा खरा स्वभाव थंड असताना कळतो.

देवगाव फाट्याजवळ दादासाहेबांच्या शेतात हुरडा पार्टी होती. बरेच पाहुणे होते. दादासाहेब एका संस्थेचे अध्यक्ष आणि बऱ्याच संस्थांचे माजी अध्यक्ष. पाहुणे पोत्यांवर बसलेले. दादासाहेबांची खुर्ची मात्र थेट बांधावर, पाठीला पांढरा टॉवेल लावून. आम्हाला बघताच ते उभे राहिले आणि भाषण सुरू झालं.

"मुलींच्या शिक्षणासाठी ही गाडी मी जवळजवळ दान देतोय!"

एका हातात हुरडा असल्यामुळे लोकांनी दुसरा हात मांडीवर वाजवला.

"आणि सर्व्हेअरसाहेब, गाडी कधी पळवलेली नाही. प्रचार, मिरवणुका, सत्कार. नेहमी माणसाच्या चालीनं. मीटर बघा."

त्यांना ही गाडीची स्तुती वाटत होती. मला मात्र आजाराचं निदान मिळालं. गाडी पळाली की वारं लागून इंजिन थंड राहतं. मिरवणुकीत ते पहिल्या गियरमध्ये तासन्‌तास तापत राहतं आणि मीटर मात्र जागचा हलत नाही. टपावर भोंग्यांसाठी पाडलेली भोकं होती. रेडिएटरच्या जाळीत वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या गच्च बसल्या होत्या. पाणी थंड करायची ती जागा. तिथे सत्कार अडकले होते. बाकी सांगाडा सरळ होता. गियर, ब्रेक, स्टिअरिंग, सगळं ठीक.

"मग करा सही, अन् बसा हुरड्याला," दादासाहेब म्हणाले.

"आधी हुरडा, दादा. चावी माझ्याकडे राहू द्या, दारांची कुलपं बघायचीत."

मग मी सावकाश खाल्लं. कोवळा हुरडा, तिळाची चटणी, गूळ, दही. खाऊन झाल्यावर दादासाहेबांना त्यांच्या सत्कारांबद्दल विचारलं. वेळ जायला याहून खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही.

लक्ष्मण आला. "साहेब, चावी द्या, गाडी सावलीत लावतो."

"राहू दे."

थोड्या वेळानं तो परत आला. "उन्हात लावतो."

कमलबाईंचा धीर सुटला. "साहेब, आपण हुरडा खायला आलोय का?"

"बाई, मी गाडीच बघायलोय."

सूर्य कलला. गार वारं सुटलं. झाकणावर हात ठेवला तर ते माठासारखं गार.

"मुंजाजी, बसा. मारा सेल्फ."

सेल्फ कण्हला, थांबला, परत कण्हला. बऱ्याच वेळानं इंजिन खोकत सुरू झालं आणि मागून असा धूर निघाला की टॉवेलाची खुर्ची दिसेनाशी झाली. मी ऑइलचं झाकण उघडलं. तिथूनही भकाभक धूर. सायकलच्या पंपाचा दट्ट्या झिजला की हवा उलटी येते, तसंच हे. पिस्टनच्या रिंगा संपल्या होत्या. इंजिन तापलेलं असताना धातू फुगतो आणि हे दुखणं लपतं.

मुंजाजीनं पिशवी छातीशी धरली. "म्हंजे गाडी गेली का?"

"गाडी चांगली आहे. इंजिन नवं बांधलं तर तुमच्या नातीलाही शाळेत नेईल. नाही तर शिमग्याच्या आत रस्त्यात बसेल."

पाहुणे धुरातून बाहेर येऊन ऐकत होते. कमलबाई पुढे झाल्या.

"दादासाहेब, तुमी जवळजवळ दान म्हणालात. इंजिन बांधून द्या, म्हणजे 'जवळजवळ' म्हणायला नको."

दादासाहेबांनी बाईंकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे. खोकले.

"गाडीवर आमचं नाव राहील?"

"दोन्ही बाजूंनी," बाई म्हणाल्या. "इंजिन झाल्यावर."

परत आम्ही एस.टी.नं आलो. गाडी फक्त न्यायला होती.

संक्रांतीच्या आधी परभणीच्या गॅरेजात इंजिन बांधून झालं. मी उभा राहून करून घेतलं. नाव इतक्या मोठ्या अक्षरांत रंगवलं गेलं की काचा तेवढ्या वाचल्या. वाडीत गाडी रात्रभर उघड्यावर ठेवायला मी सांगितलं होतं. सकाळी दप्तरं घेऊन मुली गोळा झाल्या. मुंजाजीनं आधी लेकराचा ताप बघावा तसा झाकणावर तळवा ठेवला, मग सेल्फ मारला. पहिल्याच झटक्याला गाडी सुरू झाली. तेव्हा कुठे त्यानं नारळ फोडला.

जुनी गाडी बघायला एस.टी.नं जा, असं मी लोकांना सांगतो. मालकानं तीच गाडी न्यायला पाठवली, तर मात्र जेवायला नाही म्हणू नका.

सोयरे त्याच आठवड्यात वाडीत आले. मुलगी शाळेत गेली होती.